जुनाच ब्लॉक मशीन करून घेतला: आंब्याच्या हंगामानंतरचा अनुभव

माझ्या डिझेल पिकअपचे इंजिन गेल्या वर्षी गणपती झाल्यावर पूर्ण उतरवले. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, न बदलता त्याचेच बोअरिंग (सिलिंडर आतून कातून किंचित मोठे करणे) करून घेतले, एका सिलिंडरला स्लीव्ह (आत घट्ट बसणारी नळी) घातली, वरच्या बाजूचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे) केले आणि इंजिन पुन्हा बांधले. त्यानंतर हिवाळाभर मासळी आणि चैत्रापासून आंब्याच्या पेट्या घेऊन ही गाडी रत्नागिरी ते कोल्हापूर अशी, म्हणजे भरल्या अंगाने आंबा घाट चढत, सतत धावते आहे. एवढ्या कामानंतर निर्णयाबद्दल खात्रीने लिहिता येईल असे वाटल्यामुळे हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

इंजिन उतरवण्याआधीची लक्षणे नेहमीचीच होती. ऑइल वारंवार वर भरावे लागत होते, चढावर निळा धूर दिसत होता आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडले की चालू इंजिनातून जोरात वाफारा येत होता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, तपासले तेव्हा तीन सिलिंडर ३३० पीएसआयच्या आसपास आणि तिसऱ्या क्रमांकाचा एकटाच २६० वर होता. गावातल्या बहुतेक कारागिरांनी ब्लॉक न पाहताच "हा गेला, दुसरा हाफ इंजिन टाका" (म्हणजे ब्लॉकसकट इंजिनाचा खालचा भाग) असा सल्ला दिला. हा सल्ला मला पटला नाही, कारण ब्लॉक ठेवायचा की बदलायचा हे मोजमाप घेतल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि मोजमापातही सगळे आकडे सारख्या महत्त्वाचे नसतात.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात हे काम होते. ज्या शहरात इंजिनाचे भाग ओतले जातात आणि मशीनही होतात, तिथे मोजमापाची साधने आणि ती हाताळणारे हात दोन्ही मिळतात. तिथल्या कारागिराने ब्लॉक आधी गरम केमिकलच्या टाकीतून धुऊन काढला, मग पाण्याचे मार्ग बंद करून हवेच्या दाबाने भेग तपासली आणि त्यानंतरच बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचे साधन) हातात घेतला. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या) रेषेत आणि तिच्या काटकोनात मोजला गेला. सर्वांत जास्त झीज अपेक्षेप्रमाणे वरची रिंग जिथे थांबून उलटी फिरते त्या पट्ट्यात, काटकोनाच्या दिशेने होती. तीन सिलिंडरची झीज ०.१५ मिमीच्या आत होती आणि ०.५० मिमी ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे व्यास तेवढा वाढवून मोठा पिस्टन घातल्यावर, ती आरामात निघणार होती. तिसऱ्यात मात्र रिंग तुटल्याने एक खोल उभा ओरखडा पडला होता. नखाने तो स्पष्ट लागत असे आणि त्याची खोली ०.३० मिमीहून अधिक भरली. ०.५० चे बोअरिंग म्हणजे भिंतीतून प्रत्येक बाजूला फक्त पाव मिलिमीटर धातू निघतो, त्यामुळे तो ओरखडा त्या मापात जाणारच नव्हता.

बहुतेक जण इथेच ब्लॉक भंगारात देतात, आणि मला वाटते तो घाईचा निर्णय असतो. माझ्या इंजिनाला मुळात लायनर (सिलिंडरची सुटी आतली नळी) नाही, बोअर थेट ओतीव लोखंडातच आहे. पण अशा ब्लॉकलाही एखाद्या सिलिंडरपुरती ड्राय स्लीव्ह (पाण्याला न लागणारी नळी) घट्ट बसवता येते आणि ती इतर तिघांच्याच ०.५० मापाला बोअर करून चारही पिस्टन एका मापाचे ठेवता येतात. मात्र भिंतीची जाडी पुरेशी हवी, आणि खाली स्लीव्ह टेकण्यासाठी पायरी सोडायला हवी, नाहीतर ती पुढे खाली सरकू शकते. ज्यांच्या इंजिनात वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारे) आहेत त्यांच्यापुढे हा प्रश्नच येत नाही. त्यांनी लायनर बदलावेत आणि लक्ष लायनर बसण्याच्या कडांवर व पाण्याच्या बाजूने पडलेल्या खड्ड्यांवर द्यावे. थोडक्यात, सिलिंडरची झीज कितीही वाईट दिसली तरी ब्लॉक बदलण्याचे ते सर्वांत कमकुवत कारण आहे.

खरा निर्णय मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक ज्या भोकांत फिरतो त्यांच्या, रेषेवर होतो. सर्व कॅप (त्या भोकांचे सुटे अर्धे भाग) आपापल्या क्रमांकाच्या जागी, बेअरिंग न घालता, ठरलेल्या टॉर्कला आवळून प्रत्येक भोक मोजले आणि वरून सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहिला. पाचही एका रेषेत होती. ती तशी नसती तर लाइन बोअरिंग (ती भोके पुन्हा एका रेषेत कातणे) करावे लागले असते, आणि त्यात क्रँक किंचित वर सरकून टायमिंग गिअरची पकड बदलण्याचा धोका असतो. मेन बेअरिंगच्या पाठीमागे भेग असती, किंवा बेअरिंग फिरून बसण्याची जागाच खाल्ली गेली असती, तर मी त्याच क्षणी ब्लॉक सोडला असता. पाण्याच्या जॅकेटमधून बोल्टच्या भोकापर्यंत जाणाऱ्या भेगेबाबतही माझे तेच मत आहे. वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण माल भरून घाट चढणाऱ्या गाडीत त्या जोडावर मी विसंबणार नाही.

वरचा पृष्ठभाग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१२ मिमी खोल होता. फेसिंग करताना लागेल तेवढेच काढा असे मी लेखी दिले, कारण डिझेल इंजिनात पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) किती वर येतो यावर हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि हेडमधल्या सीलची) जाडी ठरते. बांधणीच्या वेळी डायल गेज लावून चारही पिस्टनची उंची घेतली आणि पूर्वीपेक्षा एक माप जाड गॅस्केट वापरले.

बदली ब्लॉकचा पर्यायही मी नीट पाहिला. जुन्या बाजारातला ब्लॉक स्वस्त वाटतो, पण त्याने कोणती गाडी ओढली आणि तो कधी तापला हे कोणी सांगत नाही. तोही धुऊन, मोजून, बहुधा बोअर करूनच वापरावा लागतो. म्हणजे मशीनचा खर्च वाचत नाहीच, वर ब्लॉकची किंमत चढते. शिवाय इंजिन क्रमांक ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की नोंदणी पुस्तकातील क्रमांक जुळत नाही आणि मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे बदल नोंदवावा लागतो. कागद नसलेला ब्लॉक घेतला तर तो चोरीच्या गाडीचा निघण्याची भीती वेगळीच, आणि अपघातानंतर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो. कंपनीचा नवा ब्लॉक निःसंशय उत्तम, परंतु माझ्या बाबतीत त्याची एकट्याची किंमत मशीनच्या सगळ्या कामाच्या दुपटीहून अधिक होती.

होनिंगबद्दल (बोअरिंगनंतर दगडाने घासून सिलिंडरला अंतिम माप देणे) दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. कारागिराने पिस्टन आधी मागवून घेतले, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजला आणि त्यावरून त्या-त्या सिलिंडरचे अंतिम माप ठरवले. पिस्टन न पाहता बोअर करणाऱ्याकडे ब्लॉक देऊ नये. दुसरी गोष्ट धुण्याची. होनिंगच्या दगडाची भुकटी तिरप्या रेघांमध्ये अडकून राहते आणि नुसत्या डिझेलने ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी सिलिंडर घासून, शेवटी पांढरे फडके फिरवून ते करडे होत नाही हे माझ्यासमोर दाखवण्यात आले, आणि लगेच ऑइलचा हात फिरवला गेला, कारण ताजे मशीन केलेले लोखंड पाहता पाहता गंजते.

आता वापराविषयी. सुरुवातीच्या हजार किलोमीटरमध्ये माल निम्माच भरला, वेग एकसारखा न ठेवता कमी-जास्त केला आणि ऑइल व फिल्टर लवकर बदलले. रिंगा बसेपर्यंत ऑइल थोडे कमी झाले, त्यानंतर दोन ऑइल बदलांच्या मध्ये पातळी जवळजवळ हललेली नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये ४०० पीएसआयच्या आसपास असून त्यांच्यातील फरक २० च्या आत आहे. स्लीव्ह घातलेला तिसरा सिलिंडर आकड्यांवरून वेगळा ओळखता येत नाही, याचे मला सर्वांत जास्त समाधान आहे. ऐन मे महिन्यात पेट्यांनी भरलेली गाडी साखरप्याहून वर चढताना तापमानाचा काटा मध्याच्या पुढे गेला नाही आणि रेडिएटरमधील पाणी कमी झालेले नाही.

तक्रार एकच आहे, पण ती महाग पडली. मशीन शॉपने बाजूचे सगळे वेल्श प्लग (पाण्याच्या मार्गाची भोके बंद करणाऱ्या चकत्या) नवे घातले आणि फ्लायव्हीलच्या मागचा एक जुनाच ठेवला. पौषात तो झिरपू लागला आणि त्या लहानशा चकतीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला. त्यांनी प्लग फुकट दिला, मजुरी मात्र मला पडली. ब्लॉक देताना कामाच्या यादीत "सर्व प्लग, मागचा धरून" असे स्वतंत्र लिहून घ्यावे, आणि ब्लॉक परत घेताना इंजिन बांधण्यापूर्वी मागच्या बाजूने तो डोळ्यांनी पाहून घ्यावा.