ख्याल ऐकायचाय: एलपी घ्यावी की फाइल?

गाणं ऐकणाऱ्या मित्रमंडळींपैकी कुणी ना कुणी अधूनमधून विचारतंच, शास्त्रीय गाण्याच्या जुन्या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, जमवू का, की सरळ डाउनलोड करून ठेवू? मी दोन्ही केलंय. त्यामुळे माझ्यापुरतं उत्तर आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

खरेदीची मजा विचाराल तर रेकॉर्डला तोड नाही. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये केबिनमध्ये शिरून आधी ऐकता यायचं, मग पैसे. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. आता मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार, आणि कुणाच्या तरी काकांनी काढून टाकलेला संग्रह. पूर्वी खिसा बघूनच घ्यावं लागायचं, म्हणून घेतलेली रेकॉर्ड अक्षरशः पाठ व्हायची. डाउनलोडचं तसं होत नाही, हे कबूल. ढीगभर राग उतरवून ठेवलेले असतात आणि रात्री लावला जातो तोच यमन.

कव्हरही रेकॉर्डच्याच बाजूने बोलतं. मागे राग, ताल, बंदिशीचे शब्द, बऱ्याचदा तबल्यावर कोण तेही. फाइलवर मात्र 'ट्रॅक 02'. त्यात ख्यालाचा संथ भाग, विलंबित, एका फाइलमध्ये, जलद भाग, द्रुत, दुसऱ्या, आणि मध्ये क्षणभर शांतता, म्हणजे रंगलेल्या मैफलीत दिवे गेल्यासारखं. नावं मी स्वतः बसून भरतो. कंटाळवाणं काम, पण एकदा केलं की सुटलो.

इथवर रेकॉर्ड जिंकतेय असं वाटेल. माझा निर्णय फिरला तो शेवटच्या तीन-चार मिनिटांमुळे.

एलपी मिनिटाला 33⅓ वेळा फिरते, ती शेवटपर्यंत त्याच गतीने. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलजवळ पोचेपर्यंत जेमतेम 20-22. तेवढ्याशा जागेत तोच आवाज कोंबलेला. साहजिकच वरचे स्वर तिथे आधी फाटतात, आणि जड सुईच्या जुन्या प्लेअरवर वर्षानुवर्षं वाजलेली रेकॉर्ड असेल तर विचारायलाच नको. आता ख्यालाची मांडणी आठवा. आलाप सुरुवातीला, मोकळ्या ऐसपैस खाचांत. द्रुत, ताना, तार षड्ज, सगळं शेवटी, लेबलला चिकटून. भीमसेनांची तान नेमकी चढतेय आणि तिच्या टोकाला 'स्स्स' अशी चरचर. गाण्याचा कळस आणि तबकडीची सगळ्यात वाईट जागा एकच. सुई बदलून पाहिली, रेकॉर्ड धुऊन पाहिली. थोडा फरक पडला, पण झिजलेली खाच काही भरून येत नाही.

अधूनमधून होणारी टिकटिक मला खुपत नाही, बाजू उलटायला उठणंही नाही. ही चरचर मात्र ऐकण्याआधीच ऐकू यायला लागते. द्रुत सुरू झालं की मी दचकायच्या तयारीत.

फाइलला हा त्रास नाही. पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट सारखंच. तिची दुखणी वेगळी. 128 केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्याच दाबलेल्या एमपीथ्रीमध्ये तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजता झंकार, विरघळते. काही वेळा खरखर काढण्याच्या नादात तानपुराच निम्मा पुसलेला असतो आणि गळा कोरडा उघडा पडतो. म्हणून शक्य असेल तिथे फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारी फाइल, घ्यावी, आणि एकाच मैफलीच्या दोन आवृत्त्या मिळत असतील तर थोडी खरखर असलेली घ्यावी, असं माझं मत.

आणि डाउनलोड म्हणजे डाउनलोडच. ॲपमध्ये 'सेव्ह' केलेलं गाणं हे भाड्याचं घर, करार संपला की बाहेर. फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान 2012 मध्ये आलं, 2013 मध्ये गेलंही. तिथून ज्यांनी एमपीथ्री विकत घेऊन उतरवून ठेवल्या, त्यांच्या त्या राहिल्या. दोन हार्ड डिस्कवर प्रती ठेवा एवढंच.

नाट्यगीतं, भावगीतं, सिनेमाची गाणी ऐकत असाल तर माझं गाऱ्हाणं तुम्हाला फारसं लागू नाही. तिथे कळस शेवटालाच येतो असं नाही, आणि सात इंची छोटी रेकॉर्ड मिनिटाला 45 वेळा फिरते म्हटल्यावर खाचेलाही जरा श्वास मिळतो. त्या खुशाल घ्या. ख्यालाची एलपी घ्यायचीच असेल तर दुकानदार सुरुवातीला सुई टेकवून "बघा, कशी स्वच्छ वाजते" म्हणेल. त्याला म्हणावं, मालक, सुई जरा लेबलजवळ ठेवा. मग भावाचं बोलू.