कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ४ वॉटचा ट्यूब अँप, आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले व्हॉक्स कंपनीचा एसी४सी१-१२ हा गिटारचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) घरी आणून, रोज तासभर तरी वाजवतोय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधी माझी गरज सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचता येईल. तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, एक भिंत शेजाऱ्यांशी कॉमन, खाली एक आजी राहतात त्या दुपारी झोपतात. इलेक्ट्रिक गिटार टेलिकास्टर टाइपची (फेंडरचं एक जुनं मॉडेल), वाजवतो ब्लूज आणि जुना रॉक, मेटल नाही. बजेट चाळीस हजार, ओढूनताणून पंचेचाळीस.

शोधायला लागलो तेव्हा पहिला धक्का दुकानातच बसला. पुण्यातलंच एक दुकान, नाव घेत नाही, तिथल्या दादाने सांगितलं की पंधरा वॉटच्या खाली काय वाजणार, घरी पण कमी पडेल. त्यांच्याकडचा पंधरा वॉटचा जोडून दिला आणि व्हॉल्यूम दोनच्या वर न्यायला लागलो तर लगेच हात पुढे, "सर बाकीचे कस्टमर आहेत". म्हणजे जो आवाज ऐकण्यासाठी ट्यूब अँप घ्यायचा तोच ऐकायला मिळाला नाही आणि तरी कार्ड काढायची अपेक्षा. मी परत आलो आणि त्या रात्री नीट वाचायला बसलो.

वॉट म्हणजे आवाज असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. ५ वॉट आणि ५० वॉट यांत १० डेसिबलचा फरक, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, दहापट अजिबात नाही. स्पीकरचं पण बघायला हवं, ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा लावला की अँपची पॉवर दुप्पट केल्यासारखंच झालं. आणि ९७ डेसिबलचा म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ९७. आपल्याकडे रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहे, आता हे त्या ९७ च्या शेजारी ठेवून बघा. एक वॉट पण बंद खोलीत भरपूर होतो हो.

मग कमी वॉट कशाला, तर ट्यूब ढकलल्याशिवाय बोलत नाही म्हणून. पन्नास वॉटचा अँप घरात व्हॉल्यूम एकवर ठेवला की पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारी) जवळपास झोपलेलीच असते, आवाज पातळ आणि कोरडा येतो. चार-पाच वॉटचा असेल तर घराला झेपेल एवढ्या आवाजाच्या बऱ्याच जवळ तो गरम होऊन फुटायला लागतो. फुटणं म्हणजे ते गोड कुरकुरणं, जोरात मारलं की येतं, हळू मारलं की जातं. माझ्यासाठी निवडीचा मुद्दा एवढाच होता की अँप कुठे फुटायला लागतो आणि तिथे माझं घर किती सहन करतं, बाकी सगळं त्याच्यानंतर.

या हिशोबाने मी जे मित्रांकडे, ओळखीच्यांकडे जाऊन स्वतःच्या गिटारने वाजवून बघितले ते सांगतो. मार्शलचा डीएसएल१सीआर, १ वॉट आणि बटण दाबलं की ०.१ वॉट, रात्री वाजवणाऱ्यांसाठी सोय खरंच विचार करून दिलीये, रिव्हर्ब (आवाजातला घुमारा) आहे, गेनवाल्यांना, म्हणजे जास्त फुटलेला आवाज हवा त्यांना आवडेल, पण ८ इंची स्पीकरमधून टेलिकास्टरच्या सगळ्यात जाड तारेचा ई स्वर जेवढा भरून यायला हवा तेवढा मला आला नाही. ब्लॅकस्टारचा एचटी-१आर पण १ वॉटचा आणि ८ इंचीच, हेडफोन लावता येतो, लहान मुलं असलेल्या घरात मी तोच सुचवेन. बुगेराचा व्ही५ मात्र पैशाच्या मानाने फार देतो, ५ वॉट, एक ईएल८४ (पॉवर ट्यूबचा एक प्रकार), मागे ५, १ आणि ०.१ वॉटचा स्विच, वर रिव्हर्ब, बजेट अजून कमी असतं तर डोळे झाकून घेतला असता. फेंडरचा ब्लूज ज्युनियर, १५ वॉट, दोन ईएल८४, बारा इंची, आवाज इतका सुंदर की वाजवून बाहेर पडताना जड वाटलं, पण तो एका टेरेसवर ऐकला होता. फ्लॅटमध्ये त्याचा व्हॉल्यूम अडीचच्या वर जाणार नाही आणि अडीचला त्याचं खरं रूप दिसत नाही. बँड असेल, रिहर्सलला जात असाल, तर दुसरं काही बघूच नका.

व्हॉक्स मला वापरलेला मिळाला, सव्वीस हजारांना, एका कॉलेजच्या मुलाकडून. एक ईएल८४, दोन १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या ट्यूब), बारा इंची सेलेशन स्पीकर, वर गेन, बास, ट्रेबल आणि मास्टर व्हॉल्यूम. रिव्हर्ब नाही, वॉट कमी करायचा स्विच नाही. रिव्हर्ब नसल्याचं पहिला महिना वाईट वाटलं, मग रिव्हर्बचं एक पेडल घेतलं आणि प्रश्न संपला.

आता खरी गोष्ट. गेन दोनच्या सुमाराला, म्हणजे घड्याळात दोन वाजतात तिथे काटा, मास्टर नऊच्या थोडा अलीकडे, बास अर्ध्यावर, ट्रेबल त्याहून जरा कमी. गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून ए कॉर्ड मारली की कडांना खरखर येते, कापडी जाळीला हात लावला तर थरथर हाताला कळते. आता अँपला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणा, तोच अँप एकदम स्वच्छ, काचेसारखा, आणि पिक सोडून अंगठ्याच्या मांसाने वाजवलं तर अजून मऊ. परत सहावरूनच जरा कडक पिक मारा, फक्त त्या एका स्वराला किंचित दात येतात. माझा आधीचा डिजिटल अँप वाईट नव्हता, त्यात चाळीस आवाज होते, पण मी हळू वाजवलं की तो फक्त हळू व्हायचा. इथे माझा हात ऐकला जातोय असं वाटतं आणि त्यामुळे मी आठ महिन्यांत जेवढं स्वच्छ वाजवायला शिकलो तेवढं आधीच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो, हे अगदी मनापासून लिहितोय.

एक त्रास झाला तोही सांगतो. आणल्यावर आठवड्याभरात तिसऱ्या तारेवरचा एक स्वर लागला की आतून बारीक घुंगरासारखा आवाज यायला लागला. आधीच्या मालकाने कुठली तरी बिननावाची ट्यूब घातली होती. बुधवार पेठेत एक काका आहेत, जुने रेडिओ करतात, त्यांच्याकडे अँप घेऊन गेलो. त्यांनी मागची फळी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ईएल८४ बघून म्हणाले, "अरे हा व्हॉल्व्ह तर आमच्या फिलिप्समध्ये असायचा, गिटारला पण हाच लावतात होय?" मग शिसपेन्सिल उलटी धरली आणि तिच्या मागच्या टोकाने एकेका ट्यूबवर हळूच टिचकी मारत गेले, पहिल्या १२एएक्स७ वर मारली आणि स्पीकरमधून टण्ण. तीच खराब. बदलली, पाच मिनिटांत काम झालं, आणि पैसे घ्यायला तयारच नव्हते, बळेबळे शंभर रुपये हातात ठेवले. जाताना मात्र दोनदा बजावलं की पेन्सिल ठीक आहे पण आतल्या बाकी कशाला हात लावायचा नाही, प्लग काढल्यावरसुद्धा कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात. हे कृपया हसण्यावारी नेऊ नका.

एकच पॉवर ट्यूब आणि कॅथोड बायस (बायस म्हणजे ट्यूबमधला करंट जुळवणं, इथे तो आपोआप जुळतो) असलेल्या अशा छोट्या अँपमध्ये ईएल८४ बदलली तर बायस सेट करून घ्यायला लागत नाही, हा मोठा फायदा, कारण बायस करून देणारा माणूस शोधणं हेच इकडे अर्धं काम असतं. क्लास ए असल्यामुळे वाजवत असा नसा, ट्यूबमधून करंट पूर्ण चालूच असतो, त्यामुळे चहा प्यायला उठलात तर बंद करा, उगाच तापत ठेवू नका. मी एक ईएल८४ आणि एक १२एएक्स७ स्पेअर आणून कपाटात ठेवल्यात, पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी घालून, पिनांवर काळपटपणा येतो नाहीतर.

आपल्याकडे प्रत्येकाचा कोणीतरी अमेरिकेत असतोच आणि तो म्हणतो येताना आणतो, तिकडे स्वस्त आहे. माझा मावसभाऊ पण म्हणाला होता. तिकडचा अँप १२० व्होल्टचा, बऱ्याच मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मरला आपल्या व्होल्टेजसाठी दुसरं टॅपिंगच (जोडणी) नसतं, मग व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन लावा, त्यात ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो, आणि एखाद्या दिवशी कोणीतरी घाईत सरळ भिंतीत प्लग घातला की खेळ खलास. मागच्या स्टिकरवर २३० लिहिलेलं बघूनच घ्या. आणि गुरुवारी लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालू करू नका, साध्या स्क्वेअर वेव्हवाल्यावर भुणभुण येते आणि ट्रान्सफॉर्मरला पण ते चांगलं नाही, तेवढा दिवस तसंच अँपशिवाय कोरडं वाजवा.

वापरलेला घेणार असाल तर स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर घेऊन जा, निदान वीस मिनिटं चालू ठेवा कारण गार असताना सगळे अँप चांगले वाटतात, प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून खरखर ऐका, आणि काही न वाजवता मास्टर वर नेऊन हम (सततची गुणगुण) किती येतो ते बघा. हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप) घेतलं तर स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तो अँपमधल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक.

कोथरूड, कर्वेनगर, वारजे बाजूचं कोणी असेल आणि विकत घेण्याआधी हा ऐकायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, गिटार घेऊन या, हवं तेवढं वाजवा, मास्टर किती वर न्यायचा ते पण तुम्हीच ठरवा. फक्त संध्याकाळी पाचनंतर, तोपर्यंत खालच्या आजी उठलेल्या असतात.