कपाशीचं नत्र: फोकून, ठिबकमधून की शेणखतातून?

नाशिक म्हटलं की द्राक्षं आणि कांदा डोळ्यांपुढे येतात, पण मालेगाव, नांदगाव, येवला या पट्ट्यात कपाशीही दरवर्षी उभी असते. या पिकातून हवेत जाणारे उष्णता धरणारे वायू कमी करायचे, तर सुरुवात कुठून करायची? बहुतेकांचं बोट ट्रॅक्टरकडे जातं. माझ्या मते ते आधी युरियाच्या गोणीकडे जायला हवं.

हिशेब असा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र (नायट्रोजन) असतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या ढोबळ मोजणीप्रमाणे शेतात टाकलेल्या नत्रातलं साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. कोरड्या हवामानात कमी, ओलीत जास्त. हा वायू १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. गोणीतल्या ०.२०७ किलो नत्राचा प्राणवायू धरून सुमारे ०.३२५ किलो वायू बनतो, म्हणजे एका गोणीमागे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडचा भार. एकरी दोन गोण्या दिल्या, तर तो ६६ लिटर डिझेल जाळल्याइतका होतो. एकरभर कपाशीच्या मशागतीला एवढं डिझेल लागतच नाही! शिवाय युरिया बनवताना कारखान्यात जो नैसर्गिक वायू खर्च होतो, तो यात धरलेला नाही.

युरिया फोकून, म्हणजे हातानं शेतभर फेकून, मोकाट पाणी देणं सगळ्यात सोपं. भांडवल नाही, मजुरी कमी. पण भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते, जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. पाऊस लांबला तर वरच पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. दोन्हीकडे पीक उपाशीच राहतं, पानं पिवळी दिसतात आणि घरात आणखी एक गोणी येते. आपल्याकडचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचा लेप दिलेला येतो, त्यानं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. पण साचलेल्या पाण्यापुढे त्या लेपाचा भरवसा धरू नका.

ठिबकमध्ये वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, टिकतो आणि हाच त्याचा खरा फायदा. व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून मिसळणाऱ्या नळीतून) तेच नत्र चार-पाच हप्त्यांत, पाते आणि बोंडं लागताना थोडं थोडं गेलं, तर मुळं ते उचलतात आणि एकूण मात्राही कमी करता येते. पंपाचे तास घटतात, म्हणजे वीजही वाचते. अडचण सुरुवातीच्या खर्चाची आणि नळ्या सांभाळण्याची. विहिरीला पाणी असेल, तर मी बिनदिक्कत ठिबकच निवडेन. विहीर दिवाळीआधीच तळ गाठत असेल, तर फक्त कपाशीसाठी हा खर्च करू नका. तिथे पाऊस पडून वाफसा आल्यावर युरिया ओळीलगत द्या आणि कोळपणीनं मातीआड करा. जवळजवळ फुकटातला उपाय आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

शेणखताबद्दल मात्र थोडं सावध बोलायला हवं. त्यातल्या नत्रातूनही नायट्रस ऑक्साइड निघतो आणि खड्ड्यात ओलं, दाबून ठेवलेलं शेण मिथेन सोडतं. अर्धा टक्का नत्र धरलं, तर युरियाच्या दोन गोण्यांच्या जागी एकरी ८ टन शेणखत हवं. इतकी जनावरं आता किती जणांच्या गोठ्यात आहेत? उत्पादन घसरलं, तर क्विंटलमागचा भार उलट वाढतो, म्हणून तुलना नेहमी क्विंटलवर करा, एकरावर नको. माझा कल मिश्र वाटेकडे आहे. उलथापालथ करून चांगलं कुजवलेलं दोन-तीन टन शेणखत, आंतरपीक म्हणून मूग किंवा उडीद, आणि त्या प्रमाणात युरियाला कात्री.

राहिला पऱ्हाटीचा, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या काड्यांचा प्रश्न. ती जाळली तर तिनं त्याच हंगामात हवेतून घेतलेला कार्बनच परत जातो, हे खरं. पण धुरासोबत थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही जातो आणि नत्र व सेंद्रिय पदार्थ शेताबाहेर पडतात. बांधावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आयता आसरा मिळतो. डिसेंबरअखेर फरदड (त्याच झाडांवर पुढे लांबवलेलं पीक) न घेता पीक काढा, भाड्याच्या श्रेडरनं कुट्टी करा आणि जमिनीत मिसळा. कुट्टी कुजताना काही काळ मातीतलंच नत्र ओढते, म्हणून लगेच दुसरं पीक घ्यायचं असेल तर ती शेणाच्या काल्यासोबत वेगळी कुजवून मग टाका.