अडीच डॉलर की पाच डॉलर? प्रॅटच्या सुवर्णनाण्यांचा संच निवडताना

बेला लायन प्रॅट या शिल्पकाराची अडीच आणि पाच डॉलरची सोन्याची नाणी १९०८ मध्ये एकदमच चलनात आली. चित्र एकच: एका बाजूला शिरपेच घातलेला मूळ अमेरिकन, दुसरीकडे गरुड. दोन्हींत सोनं ९० टक्के. अडीचचं नाणं १८ मिमी, ४.१८ ग्रॅम, पाचचं २१.६ मिमी, ८.३६ ग्रॅम. वजन दुप्पट, पण संच पुरा करण्याचा खर्च दुपटीवर थांबत नाही.

अडीचच्या संचात (प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं एकेक) १५ नाणी, टांकसाळी दोनच: फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर. खरी अडचण एकाच नाण्याची, १९११ डी (‘डी’ ही नाण्यावरची डेन्व्हर टांकसाळीची खूण). ती फक्त ५५,६८० पाडली गेली. पाचच्या संचात २४ नाणी आणि चार टांकसाळी. त्यात न्यू ऑर्लिन्सचं १९०९ ओ केवळ ३४,२००. १९२९ ची ६,६२,००० पाडली खरी, पण बहुतेक पुढे वितळवली गेली. सॅन फ्रान्सिस्कोची बरीच नाणी प्रत्यक्ष व्यवहारात झिजली, त्यामुळे कोरी सापडणं कठीण.

प्रत ठरवताना मात्र दोन्ही सारखाच घाम काढतात. चित्र पृष्ठभागाच्या आत खोदलेलं असल्याने मोकळा भाग उघडा पडतो, आणि चमक आधी तिथलीच जाते. झीज गालाच्या हाडावर आणि गरुडाच्या खांद्यावर शोधा. खोलगट रेषांत मळ साठतो म्हणून ब्रशने घासलेली नाणी खूप दिसतात. तिरप्या उजेडात बारीक समांतर ओरखडे दिसले तर घेऊ नका.

फक्त वजनावर विसंबणं धोक्याचं. अनेक बनावट नाणी खऱ्या सोन्याचीच असतात, कारण फायदा सोन्यात नसून दुर्मीळपणात आहे. १९११ डीमध्ये तर साध्या फिलाडेल्फिया नाण्यावर ‘डी’ चिकटवतात. मागच्या बाजूला, बाणांच्या टोकांजवळ, दहापट भिंगातून त्या अक्षराच्या कडेला सांधा दिसतो का ते पाहा. अस्सल नाण्यातही ‘डी’ पुसट असू शकतो. ठळक ‘डी’ला जास्त भाव मिळतो. हे नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतच घ्यावं आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळावा.

संच पुरा करायचाच असेल तर अडीचचा निवडा, आणि १९११ डी सर्वांत आधी घ्या. बाकीची चौदा आधी घेतली तर बजेट तिथेच संपतं. नमुन्यादाखल एकच नाणं हवं असेल तर पाचचं बरं: चित्र मोठं दिसतं, आणि १९०९ डी ३४ लाखांवर पाडलेलं असल्याने सहज मिळतं.