चौदा वर्षांनी परत बाईक: मेटिऑर 350 वर्षभर चालवून झाल्यावर

गेल्या दसऱ्याला रॉयल एनफिल्डची मेटिऑर 350 घरी आली, आता दुसऱ्या दसऱ्याची पूजा चार दिवसांवर आलीय आणि मीटरवर आज सकाळी 8,640 किलोमीटर झालेत. मधल्या काळात तीनचार जणांनी विचारलं, सगळे माझ्याच वयाचे, पोरं मोठी झाली आता परत एक गाडी घ्यावी म्हणतोय, क्रूझर (खालच्या सीटची, पाय पुढं टाकून चालवायची बाईक) बघायलोय, तुझा अनुभव काय सांग की. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो म्हटलं. लांबेल थोडं.

आधी माझं जुनं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमच्या आप्पांची बुलेट होती, जुनी कास्ट आयर्न इंजिनची, 346 सीसी, चार गिअर. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. किक मारायच्या आधी डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढून अँमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा बरोबर मधे आणायचा, मग एकच किक, हे आप्पांनी हात धरून शिकवलेलं. त्याच गाडीवर मी इथं बेळगावात उद्यमबागेत कामाला गेलो, लग्न झाल्यावर बायकोला घेऊन सौंदत्तीला गेलो. 2010 ला विकली. धाकटी तेव्हा दोन वर्षांची, चौघं गाडीवर मावेनात, कार आली, आणि त्यानंतर चौदा वर्षं गावात फिरायला स्कूटर आणि बाहेर जायला कार, गिअरची बाईक हातात धरली नाही.

आता वय 51, उंची पाच फूट चार इंच, डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण गाडी बघायला गेलो तेव्हा डोक्यात तिशीतला मी होतो. सहाशे पन्नासची सुपर मेटिऑर बघितली की मन तिथंच अडकलं. सीट खाली आहे, 740 मिलिमीटर, पाय व्यवस्थित टेकतात, बसल्यावर राजासारखं वाटतं. पण गाडीचं वजन 241 किलो. साईड स्टँडवरून सरळ केली, दोन पावलं मागं ढकलायचा प्रयत्न केला, आणि परत स्टँडवर लावली. बसून बघणं आणि ढकलून बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शोरूममध्ये आपल्याला फक्त बसवतात.

मग होंडाची हायनेस सीबी350 चालवून बघितली. इंजिन अतिशय मऊ, 30 न्यूटन मीटरचा टॉर्क (ओढायचा जोर), चालवताना काही म्हणता काही खटकलं नाही, फक्त सीट 800 मिलिमीटर, सिग्नलला माझ्या टाचा वर राहत होत्या. एनफिल्डच्या क्लासिकचं तेच, 805. जावाची बॉबर एका सीटची, ती बायकोनं फोटो बघूनच बाद केली. ॲव्हेंजर 220 मात्र मी जवळजवळ घेतलीच होती. 163 किलो, सीट 737, म्हणजे माझ्यासारख्याला मापाने शिवल्यासारखी, आणि पैसेही बरेच कमी. ज्याला मुख्य करून एकट्यानं फिरायचंय आणि अंगात जोर कमी आहे त्यानं ती आधी बघावी असं मी आजही सांगतो. मी थांबलो ते एबीएसवर, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या सोयीवर. तिला पुढच्या चाकालाच एबीएस, आणि मला दोन्ही चाकांना पाहिजे होतं, कारण चौदा वर्षांनी ब्रेक दाबताना आपला पाय किती जोरात पडेल याचा माझाच मला भरवसा नव्हता.

मेटिऑर 350 या सगळ्याच्या मधे बसली. 349 सीसी, ताकद 20 बीएचपी, टॉर्क 27 न्यूटन मीटर, वजन 191 किलो, सीट 765, टाकी 15 लिटरची, पुढं 19 इंची आणि मागं 17 इंची चाक, दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस. त्यातलं सुपरनोव्हा हे मॉडेल घेतलं, कारण त्याला मागं पाठीला टेकू आणि पुढं काच मिळते. सगळं धरून गाडी तीन लाखांच्या आसपास गेली. आपल्या कर्नाटकात लाखाच्या वरच्या दुचाकीला रोड टॅक्स 18 टक्के, पलीकडं महाराष्ट्रात या सीसीला 12 टक्के, त्यामुळं कोल्हापूरचे पाव्हणे म्हणाले, आमच्या पत्त्यावर घ्या की दाजी, एमएच 09 लागंल, पैसे वाचतील. हा मोह बेळगावात सगळ्यांनाच होतोय. पण गाडी दुसऱ्या राज्यात वर्षाच्या वर ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, टॅक्सही परत भरावा लागतो, आणि रोज चन्नम्मा सर्कलला पोलिसांना काय सांगत बसू. आपल्या बेळगावचाच केए 22 नंबर घेतला, झोप शांत लागते. आता 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आलाय आणि त्याच्या वरच्यांना 40 झालाय, म्हणजे आत्ता घेणाऱ्याला माझ्यापेक्षा स्वस्त पडंल. नव्या मॉडेलला स्लिप असिस्ट क्लचही आलाय, तो हलका असतो, मनगट दुखणाऱ्यांनी तो नक्की हाताळून बघा.

लायसन्सचं एक. आपल्या पिढीची जुनी लायसन्सं पन्नाशीला संपतात. मी कारसाठी वेळेत रिन्यू केलं होतं म्हणून बरं, संपून एक वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते. कार्डावर गिअरच्या दुचाकीचा उल्लेख आहे का तेही बघून घ्या, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं.

आता खरं सांगायचं ते. गाडी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात सकाळी एकटाच जांबोटी रोडला निघालो. हवा गार, रस्ता रिकामा, गाडी चौथ्या गिअरमध्ये साठच्या आसपास, अगदी जुने दिवस परत आल्यासारखं वाटत होतं. किणयेच्या पुढं एका वळणावर म्हशी. रस्त्याच्या डाव्या बाजूनं येऊन आडव्या झालेल्या, मागं पोरगा काठी घेऊन. आणि माझा डावा पाय जोरात खाली गेला. ब्रेक दाबला असं मला वाटलं. दाबला होता गिअर. क्लच न धरता गाडी तिसऱ्यात पडली, खाडकन झटका बसला, मागचं चाक किंचित हललं, पण वेग काही उतरेना. तोपर्यंत उजव्या हातानं पुढचा ब्रेक आपोआप दाबला गेला, लिव्हर बोटांखाली टकटक टकटक करायला लागली, एबीएस लागलं, आणि शेवटच्या म्हशीपासून सातआठ फुटांवर गाडी थांबली. उजवा पाय तसाच पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर होता. ब्रेकवर गेलाच नाही.

पोरगा म्हणाला, काका, लागलं का? मी नाही म्हटलं आणि गाडी कडेला घेऊन दहा मिनिटं बसून राहिलो. चौदा वर्षांत मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पाय विसरला नव्हता, त्याच्या लक्षात आप्पांची बुलेट होती. आरामात चालवताना डोकं पायाला सांगतं, ब्रेक उजवीकडं आहे बाबा, आणि पाय ऐकतो, पण घाबरल्यावर तो डोक्याला विचारत नाही. जे कोणी जुन्या उजव्या गिअरच्या बुलेटवरून येणार आहेत त्यांनी हे मनावर घ्या. स्प्लेंडरवरून येणाऱ्यांचं वेगळं, त्यांना सगळे गिअर खाली दाबायची सवय, इथं पहिला खाली आणि बाकीचे चार वर. मेटिऑरला टाचेनं दाबायचा लिव्हर मागं आहे, टाच मारली की वरचा गिअर पडतो, पुढं चवड्यानं दाबला की खालचा, त्यामुळं बूट लिव्हरखाली घालून वर उचलायची गरज नाही, ते सोयीचं आहे.

त्यानंतर महिनाभर लांब कुठं गेलो नाही. रोज सकाळी सहाला व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला, रस्ता रिकामा असतो, चाळीसचा वेग धरायचा आणि ठरवलेल्या झाडापाशी उजवा पाय आणि उजवा हात एकदम दाबून थांबायचं. रोज वीस वेळा. आमचे ओळखीचे मेस्त्री आहेत, त्यांनीच सांगितलं, म्हणाले, दादा, तुमच्या पायाला नवीन गाडी शिकवा, तुम्हाला येतीया. तोंडानं "उजवा" म्हणत म्हणत केलं. नोव्हेंबरच्या शेवटी टिळकवाडीत एक रिक्षा अचानक वळली तेव्हा उजवा पाय बरोबर पडला, त्या दिवशी घरी येऊन हिला सांगितलं की आता बस मागं, जाऊया.

दोघांनी पहिली मोठी फेरी आंबोलीची केली, शिनोळी, चंदगड करत. हिचं मत हिच्याच शब्दांत, पाठीला टेकू आहे म्हणून झोप यायला लागली. टेकू नसलेली गाडी नवराबायकोसाठी घेऊच नये असं माझं पक्कं मत झालंय. नंतर गोकाकचा धबधबा, हलशी, राजहंसगड, आणि एकदा वंटमुरी घाटातून हायवेनं निपाणीपर्यंत. 80 ते 90 हा या गाडीचा सुखाचा वेग. शंभरच्या वर नेली तर जाते, पण इंजिनला कष्ट पडतात हे कानाला कळतं. हायवेवर सगळ्यांच्या पुढं जायचं असेल त्यानं वेगळी गाडी बघावी. मला साठ-सत्तरला पाचव्या गिअरमध्ये धडधड ऐकत जाण्यात आनंद आहे आणि तो ही गाडी पुरेपूर देते. ॲव्हरेज पेट्रोल बंकवर टाकी फुल ते फुल मोजून लिटरला 33 ते 36 किलोमीटर मिळालं, दोघं असलो की 33.

आता जे सोसावं लागतं ते. क्रूझरला पाय पुढं असतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. खड्डा आला की साध्या बाईकवर आपण पेगवर जरा उठतो, गुडघे धक्का खातात. इथं उठता येत नाही, पाय पुढं असल्यामुळं सगळं वजन बुडाखाली आणि धक्का थेट कमरेला. चांगल्या रस्त्यावर तासन्‌तास बसा, काही होत नाही. पण चोर्ल्याचा रस्ता पावसानंतर कसा होतो ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, कणकुंबीपर्यंत गेलो आणि रात्री कमरेला शेक घेतला. मग मागच्या शॉक ॲब्सॉर्बरची सेटिंग मेस्त्रींकडून बदलून घेतली, दोघांसाठी वेगळी, एकट्यासाठी वेगळी, आणि खड्डा दिसला की आधीच वेग कमी करायचा, एवढ्यानं बराच फरक पडला. पुढचं 19 इंची चाक मात्र खड्ड्यातून बरं निघतं. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी टेस्ट राईड गुळगुळीत रस्त्यावर करू नका, मुद्दाम खराब रस्त्यानं न्या.

दुसरं म्हणजे वजन. चालताना 191 किलो जाणवत नाहीत, थांबल्यावर जाणवतात. खडे बाजारात, गणपत गल्लीत दिवाळीच्या गर्दीत ही गाडी न्यायची नाही, तिथं स्कूटरच. आणि उताराला तोंड करून भिंतीपाशी कधी लावू नका, परत काढताना मागं ओढावी लागते आणि माझा गुडघा तेव्हाच बोलतो. मी आता कुठंही गेलो की आधी बघतो, निघताना तोंड चढाकडं आहे का.

पावसाळ्यात जांबोटीकडं लाल मातीत साईड स्टँड रुततो. पहिल्यांदा चहा प्यायला थांबलो आणि मागं वळून बघतो तर गाडी हळूहळू डावीकडं कलत चाललेली, टपरीवाल्या मावशींनी चुलीपाशी ठेवलेली एक चपटी फरशी दिली, ती स्टँडखाली घातली. तेव्हापासून डब्यात एक चपटा लोखंडी तुकडा घेऊनच फिरतो. पावसात साखळीला दर चारपाचशे किलोमीटरला साफ करून तेल, नाहीतर कुरकुर सुरू.

जुलैत एकदा गाडी अजिबात चालू होईना, भर पावसात. या गाडीला किक नाही, सेल्फ बंद म्हणजे बंद. कारण निघालं मीच बसवून घेतलेले जादा लाईट, एका दुकानात हौसेनं लावले होते, त्यानं मूळ वायर कापून नुसती टेप गुंडाळलेली, पाणी गेलं आणि बॅटरी उतरली. मेस्त्रींनी सगळं काढून वायर परत जोडली, सहाशे रुपये घेतले. मला त्या दुकानदाराचा फार राग आला, कारण मी दोनदा विचारलं होतं, वायर कापणार नाही ना? तेव्हा लाईट लावायचे असतील तर मूळ वायर न कापता रिले (वेगळा विजेचा स्विच) आणि वेगळ्या सॉकेटचं जोडकाम करून घ्या, समोर उभं राहून.

धाकटी आता सतरा वर्षांची आहे. परवा म्हणाली, पप्पा, अठरा झाल्यावर मला शिकवाल? हो म्हटलं. आप्पांचा अँमीटर या गाडीला नाही, पण व्हॅक्सिन डेपोची ती झाडं आहेत. रविवारी पूजेच्या आधी गाडी धुवायची, मागच्या टायरची नक्षी किती झिजली ते मोजायचं, साखळी ताणून घ्यायची, आणि पाऊस थांबला तर कणकुंबीला, मलप्रभा उगम पावते तिथं माउलीच्या देवळापर्यंत हिला घेऊन जाऊन यायचंय, शॉक आजच दोघांच्या सेटिंगला करून ठेवलेत.