ठाण्याच्या नौपाड्यातल्या नाणेवाल्या काकांकडे बाबांचे तीन डॉलर

बाबा बोटीवर होते. त्यांनी आणलेल्या चांदीच्या तीन अमेरिकन डॉलरपैकी दोन आईच्या देव्हाऱ्यात असायचे, तिसरा ट्रंकेत, मोज्यात गुंडाळलेला. गेल्या महिन्यात बाजारातल्या एका सराफाला दाखवले. त्याने तिन्ही एकदम काट्यावर टाकले आणि घट धरून मोडीचा भाव सांगितला. साल वाचायचीही तसदी घेतली नाही, ते फार लागलं. म्हणून कोपरीच्या मैत्रिणीने सांगितलेलं, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं नाण्यांचं दुकान गाठलं.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. बसायला एक स्टूल, गाडी लावायला जागा नाही. पण काकांनी पाऊण तास दिला. मी नाणं उचलताच म्हणाले, “ताई, बोट वरून काढा, कडेने धरा.” आधी लोहचुंबक लावला, मग प्रत्येक नाणं वेगळं तोललं. बाबांचे तिन्ही डॉलर ‘मॉर्गन’ म्हणतात त्या प्रकारचे, एका बाजूला देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा असतो, त्यात ९० टक्के चांदी. खोट्या नाण्यांचं वजन बहुतेकदा इथेच चुकतं.

मग भिंग माझ्याच हातात दिलं. गरुडाच्या बाजूला, खालच्या पानांच्या माळेशी, डॉलर या शब्दाच्या वर बारीक अक्षर शोधायला सांगितलं. नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते या अक्षरावरून कळतं. १९२१ च्या नाण्यावर अक्षर नव्हतं, म्हणजे ते फिलाडेल्फियाचं. त्या साली तिथे चार कोटींहून जास्त पडली. १८८१ च्या नाण्यावर ‘एस’ होता, सॅन फ्रान्सिस्को. तेही भरपूर मिळतं. मी तर जितकं जुनं तितकं महाग असंच धरून चालले होते! १८९३ साली त्याच टांकसाळीत फक्त एक लाख डॉलर पडले, म्हणून तो १८८१ पेक्षा कितीतरी महाग. आणि नुसता पाडल्याचा आकडाही पुरत नाही. १९१८ च्या कायद्याने अमेरिकेने २७ कोटी डॉलर वितळवले, कोणत्या सालचे किती याची नोंद न ठेवता. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी घेतली. म्हणजे आजीच्या गाठोड्यातल्या रुपयांतही ती असेल! हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

तिसरं नाणं १८९० चं. त्यावर दोन अक्षरं, ‘सीसी’. नेवाडातल्या कार्सन सिटीची ही टांकसाळ थोडीच वर्षं चालली, त्यामुळे तिथलं झिजलेलं नाणंही शौकीन चांदीच्या भावापेक्षा बरंच जास्त देऊन घेतात. मी हरखले, पण काका गप्प. दिवा तिरपा करून त्यांनी देवीच्या गालावरचे बारीक ओरखडे दाखवले. आई दर धनत्रयोदशीला देवाच्या उपकरण्यांबरोबर दोन्ही डॉलर रांगोळीने घासायची. कानावरच्या केसांची आणि गरुडाच्या छातीवरच्या पिसांची झीज वापराने होते, तिची प्रत लावता येते. घासलेल्या नाण्याची मूळ झळाळी मात्र परत आणता येत नाही, आणि किंमत तिथेच पडते.

मोज्यातला १८८१ चा डॉलर कडेने जांभळट काळा पडलाय. मी तो घासूनच नेणार होते. काका म्हणाले, “हात लावला नाहीत, फार बरं केलंत.” त्याचं साल साधं, पण केस, पिसं अगदी टवटवीत. त्या काळपटपणाचीच शौकिनांना गोडी असते.

एवढ्याचे २०० रुपये घेतले, त्यात तीन कडक पाकिटं दिली. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाण्यांवर हिरवट चिकट थर धरतो म्हणे. विकत घेण्याची गोष्टही काढली नाही. सगळं तोंडी सांगतात, लेखी काही देत नाहीत, हे मला खटकलं. भावंडांत वाटणी करायची असेल तर अडचण होईल. तरी मी इथेच परत जाईन, आजीचं गाठोडं घेऊन. दुकान संध्याकाळी पाचनंतर उघडतं, गुरुवारी बंद.