धंतोलीतलं पू कल्चर: लॅबमधलं काम चोख, नमुना घेणं ढिसाळ

गळू वारंवार येतंय किंवा गोळ्या चालू असूनही लाली पसरतेच आहे, तेव्हाच पू कल्चर (पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणं) करून घ्यावं. साधं एकच करट असेल तर ते चिरून पू काढणं हाच मुख्य उपचार; तिथे तपासणीवर पैसे घालवू नका.

नागपूरच्या धंतोलीतल्या या लॅबमध्ये नमुना घेतात तो कोरड्या स्वॅबने, फोडाच्या वरवरून. रेटिंगमधला एक तारा इथेच कापला. खपलीवर त्वचेचे नेहमीचे जंतू असतात, तेच रिपोर्टात उगवतात. सलाइनने जागा पुसून आतला पू सिरिंजने ओढायला आणि निर्जंतुक डबीत भरायला सांगा. तब्येत तेवढं थांबू देत असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी नमुन्यानंतरच. डॉक्टरांच्या क्लिनिकमधून नमुना आणत असाल तर दोन तासांत पोचवा, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) तो स्कूटरच्या डिक्कीत तर ठेवूच नका.

आतलं काम मात्र पाहण्यासारखं. स्टॅफिलोकोकस ऑरियस (गळवांत नेहमी सापडणारा जंतू) उगवला की त्यावर 30 मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची चकती लावतात. भोवतालचं मोकळं वर्तुळ, म्हणजे जंतू न वाढलेली जागा, 21 मिमी किंवा त्याहून लहान भरलं तर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस. अशा जंतूवर सेफॅलेक्सिन, अमॉक्सिक्लॅव ही नेहमीची औषधं चालत नाहीत, कारण औषध जिथे चिकटतं ते प्रथिनच त्याने बदललेलं असतं. एमआरएसए लिहून खाली या औषधांपुढे 'एस' (औषध चालतं) छापलेला रिपोर्ट कुठल्याही लॅबने दिला तर तो परत न्या.

खरी पारख डी-टेस्टमध्ये. क्लिंडामायसिनच्या चकतीपासून एरिथ्रोमायसिनची चकती 15 ते 26 मिमी अंतरावर ठेवली की काही जंतूंमध्ये क्लिंडामायसिनचं वर्तुळ त्या बाजूने चपटं होतं. नुसतं पाहिलं तर क्लिंडामायसिन चालेलसं वाटतं, पण उपचारात दगा देऊ शकतं. इथे ही चाचणी न मागता करतात आणि निकाल वेगळ्या ओळीत लिहितात. व्हॅन्कोमायसिनसाठीही चकतीवर भागवत नाहीत (स्टॅफिलोकोकससाठी ती विश्वासार्ह नाहीच), एमआयसीचा (जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा) आकडा देतात. 2 किंवा त्याखाली असला तर औषध चालतं.

पूर्ण रिपोर्टाला तीन दिवस धरा. ग्राम स्टेनचा (नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहण्याचा) निकाल त्याच दिवशी तयार असतो, पण काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही. संध्याकाळी फोन करून विचारा आणि डॉक्टरांना कळवा.